दोनशे चौदा, आणि उणे एक

२१४

"हात काढा, साहेब! त्या काळ्या चौकटीला अजिबात हात लावायचा नाही."

साहेबांचा हात माउसवरून असा उडाला की शेजारचा चहाचा कप थोडक्यात वाचला.

"अहो, मी नुसतं बघत होतो."

"बघा की. डोळ्यांनी बघा. ती चौकट कालपासून उघडी आहे म्हणून आपण आत आहोत. बंद झाली तर पुन्हा शिरायला वाट नाही. पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅमच बिघडलाय."

साहेबांना दम देणाऱ्या या बाई ब्रेल छापखान्यातल्या संगणक-चालक. वय सत्तावन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. त्यांना सगळे यादीबाई म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. दर सोमवारी सकाळी त्या संगणकावर बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचे, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक गाठोड्याचे, नाव आणि त्याच्या आवृत्तीचा क्रमांक कागदावर छापायच्या, भोके पाडून फाइलला लावायच्या आणि फाइल कपाटात ठेवायच्या. अशा नऊ जाडजूड फायली झाल्या होत्या. साहेब नव्याने आले तेव्हा म्हणाले होते, "हे कशासाठी? वाचतं कोण?" यादीबाई म्हणाल्या होत्या, "कोणी वाचायची वेळ येऊ नये म्हणून."

आज ती वेळ आली होती.

भिंतीला लागून, जाड नमद्यावर, सुतारपक्षी गप्प बसला होता. सुतारपक्षी म्हणजे जाड कागदावर सुयांनी ठिपके उठवणारे छपाईचे मशीन. तो चालू असला की टेबलावरच्या टाचण्या नाचत. आज त्याचा हिरवा दिवा लागत होता, पण संगणकाचे बोलणे त्याला कळत नव्हते.

आणि सकाळी नऊ वाजता सीलबंद पाकिटातून उद्याचा गणिताचा पेपर आला होता. अकरा परीक्षार्थी, अकरा प्रती. चार वाजता गाडी.

(वर लिहिलेला आकडा पानाचा नाही. किती पॅकेजे खाली उतरवायची राहिली आहेत, त्याचा आहे.)


यादीबाईंच्या वहीतून

गुरुवार. काकांसाठी पडदा वाचून दाखवणारा नवा आवाज. पॅकेजे कुठून आणायची त्या फाइलमध्ये चाचणीच्या आवृत्तीची एक ओळ घातली. आवाज आला. काका खूश. (ओळ काढायची.)

सोमवार. नेहमीप्रमाणे सगळे अद्ययावत केले. मध्ये वन्संचा फोन.


२१४, अजूनही

त्या कंसाने घात केला.

हा संगणक ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालू असतात. एक स्थिर: जुनी, खात्रीची, तोलूनमापून चालणारी. दुसरी चाचणीतली: नवी, उत्साही, आज एक आणि उद्या भलतेच. दोन्हींत हजारो पॅकेजे, आणि प्रत्येकाला आपल्याच घरातल्या माणसांची सवय. यादीबाईंना दुसऱ्या घरातून फक्त एक पॅकेज हवे होते. ते आणले. दार लावायचे राहिले. सोमवारी संगणकाला नेहमीसारखे म्हटले, "नवीन काय असेल ते घे." उघड्या दारातून अर्धे बिऱ्हाड आत आले.

संगणकाने विचारले होते. यादीबाई हे कोणापासून लपवत नव्हत्या. त्याने पडदाभर यादी दाखवून शेवटी विचारले होते, चालेल का? त्याच वेळी कानाशी वन्सं होत्या. वन्सं म्हणजे यादीबाईंच्या थोरल्या नणंद, त्यांच्याच घरी राहणाऱ्या, यंत्रांशी उभा दावा मांडलेल्या.

"वहिनी, कपडे धुवायचं मशीन चालत चालत न्हाणीच्या दारापर्यंत आलंय! बाहेर येईल आता. बंद करू का?"

"हो, हो, दाबा बटण!" यादीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोटानेही इकडे 'हो' दाबले.

सव्वीस वर्षांत न वाचता दाबलेला पहिला 'हो'.

साहेबांनी देखभालीच्या इंजिनियरला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"बाई, असं आहे," इंजिनियर म्हणाला, "या गाडीला रिव्हर्स गिअरच नाहीये. वर जाता येतं, खाली उतरायची सोय कंपन्याच देत नाहीत. पुस्तकातसुद्धा लिहिलंय, करू नका म्हणून. सरळ सगळं पुसा आणि नव्याने बसवा. दोन तासांत मोकळे."

"आणि सुतारपक्ष्याला चालवणारा प्रोग्रॅम?"

"तोही बसवा नव्याने."

"तो नव्याने बसवला की परवाना मागतो. परवाना फोनवर मिळायचा. ती कंपनी बंद होऊन नऊ वर्षं झाली. कोणाला फोन करू?"

साहेबांनी फोन बंद केला.

साहेब म्हणाले, "मग मी परीक्षा केंद्राला कळवतो. कोणीतरी शेजारी बसून पेपर वाचून दाखवेल. मुलं उत्तरं सांगतील. काय बिघडलं?"

कोपऱ्यातून काका बोलले. काका म्हणजे छापखान्याचे मुद्रितशोधक. जन्मापासून दिसत नाही. छापलेले प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जाते, मगच बाहेर पडते.

"साहेब, एक काम करा. डोळे मिटा. मिटलेत? आता ऐका. क्ष वर्ग अधिक सात क्ष, कंस सुरू, छेदस्थानी तीन क्ष उणे दोन, कंस पुरा, त्याचं वर्गमूळ... आता पहिली पायरी सांगा बघू."

साहेबांनी डोळे उघडले.

"त्या अकरांतल्या एकीची ही तिसरी खेप आहे," काका म्हणाले. "दोनदा कोणीतरी वाचूनच दाखवलं होतं."

यादीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "साडेनऊ झालेत," त्या म्हणाल्या. "मी उतरवते."

"काय उतरवता?"

"सगळं. जसं चढलं तसं."


२३१

पहिल्यांदा ती ओळ काढली. वहीतला कंसही पेन्सिलीने खोडला. उशीर झाला होता, पण खोडला.

मग संगणकाला बजावले की यापुढे स्थिर आवृत्तीचा मान मोठा. त्यासाठी आवृत्तीला गुण द्यायचे असतात. हजारच्या आत दिले तर संगणक हातचे नवे सोडून जुन्याकडे जात नाही. यादीबाईंनी एक हजार एक दिले. मग विचारले, काही करू नकोस, काय करशील ते नुसते सांग.

तो म्हणाला: दोनशे चौदा पॅकेजे खाली आणीन. एकतीस काढून टाकीन.

त्या एकतिसांत सुतारपक्ष्याचा प्रोग्रॅम सातवा होता.

"नाही," यादीबाई म्हणाल्या, आणि या वेळी बोटानेही तेच दाबले.

म्हणजे एकगठ्ठा जमणार नव्हते. हाताने, गटागटाने उतरवायचे होते. शेंड्याकडून बुंध्याकडे: ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही ते आधी, ज्याच्यावर सगळे उभे आहेत ते शेवटी. त्याआधी त्यांनी जुन्या आवृत्तीच्या दोनशे चौदा फायली नेटवरून आणून एका फोल्डरमध्ये साठवल्या, कारण नेट चालवणारी पॅकेजेही त्याच दोनशे चौदांत होती.

"काका, ब्रेलची पाटी आहे का हाताशी?"

"पाटीही आहे, टोचणीही आहे. सांग."

यादीबाई नाव वाचत, काका जाड कागदावर टोचत. टक टक टक. दीड तास एक सांगतेय, एक टोचतोय. कोणी आत डोकावले तर त्याला वाटले असते, इथे साक्षी-पुरावा चालू आहे. मागच्या सोमवारची कागदी यादी समोर धरून यादीबाई नावे ताडून पाहत होत्या, आणि मध्येच थांबल्या.

"हे कोण?"

"काय झालं?"

"हे आपल्याकडे कधीच नव्हतं. हेही नव्हतं. वऱ्हाडाबरोबर आलेली माणसं आहेत ही. सतरा."

साहेबांनी दारातून मान आत घातली. "किती राहिले?"

"दोनशे एकतीस."

"मघाशी दोनशे चौदा होते ना? उतरताय की चढताय?"

"साहेब," काका म्हणाले, "तुम्ही गाडीवाल्याला फोन करून चार म्हणजे चारच का ते विचारा बरं. सव्वाचार चालतील का बघा."

साहेब गेले. नाही चालणार, असे सांगायला परत आले.


२०८

१७७

१७६ (एकटे, हट्टी, तीनदा नाही म्हणाले)

१३०


९६

आता चाल बसली होती. यादीबाई गट उतरवायच्या, पडद्यावरचा निकाल मोठ्याने वाचायच्या, आणि काका त्या ओळीवरचे ठिपके अंगठ्याच्या नखाने दाबून सपाट करायचे. अंधांची खोडायची रीत ती. खोडलेल्या ओळीवरून हात फिरवला की बोटांना काहीच लागत नाही. उरले आहे तेवढेच खरखरीत.

"किती गुळगुळीत झालं?" यादीबाई विचारत.

"अर्ध्याच्या वर. टक्कल पडत चाललंय."

बाराच्या सुमाराला पासवर्डचा प्रोग्रॅम जुन्या घरी परतला. यादीबाईंनी दुसरी काळी चौकट उघडून पाहिली. तिने पासवर्ड विचारला, घेतला, आत सोडले. त्या उठल्या, काल सकाळपासून भरून ठेवलेली पाण्याची बाटली उघडली आणि एका दमात अर्धी केली.

छापखान्याच्या फोनवर इंजिनियरचा कॉल आला. आपणहून.

"बाई, काही पडलं का?"

"अजून तरी नाही."

"चालू आहे अजून?" त्याच्या आवाजात काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती. "कितीवर आहात?"

"एक्क्याण्णव."

"मी फोन ठेवत नाही. बोलणार नाही मी. नुसता ऐकतो."

"ऐका."


४०

जेवणाचे डबे तसेच राहिले.


२

दोन उरली. एक आवाज. एक पाया.

पाया म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या खालची लायब्ररी, त्यांनी वापरायचा सामाईक साठा. संगणकावर साधे 'आज तारीख काय' विचारले तरी उत्तर तिच्यावरून चालत येते. ती अर्धवट उतरली तर पुढचा कोणताही हुकूम पाळायला कोणी उरत नाही. आणि काकांचा नवा आवाज फक्त नव्या पायावर उभा राहू शकत होता. पाया जुना, तर आवाजही जुना.

हे यादीबाईंना सकाळपासून ठाऊक होते. काकांनाही. दोनशे एकतीस नावे त्यांनीच टोचली होती.

काका पडद्यावरचा मजकूर संगणकाच्या आवाजात ऐकून काम करत. जुना आवाज पातळ, चिरका. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की कानातले वरचे सूर चालले आहेत, परत येणार नाहीत. तेव्हापासून तो आवाज त्यांना भिंतीपलीकडच्या भांडणासारखा ऐकू येई: कोणीतरी बोलतेय एवढे कळे, काय ते नाही. नव्या आवाजाला खर्ज होता. गुरुवारी तो पहिल्यांदा लावला तेव्हा काका खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले होते, "अरे, हा तर माणूस आहे."

"काका..."

"उतरव."

"दुसरी काही वाट निघते का बघते ना."

"गाडी चारला आहे. आता दोन वाजायला आलेत. वाट बघत बसू नकोस." मग म्हणाले, "एकदा वाचून घेतो. चालेल ना?"

"काय वाचायचं?"

"आपली नेहमीची पाटी."

छापखान्यात काहीही तपासायचे असले की एकच मजकूर वापरत, चहाच्या खोलीतल्या पाटीचा. यादीबाईंनी तो उघडला. खर्जातला आवाज सावकाश, अदबीने बोलला:

"चहा पिऊन झाल्यावर आपला कप धुवावा. दुसऱ्याचाही धुतला तर हरकत नाही."

काका मान किंचित कलती करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले.

"छान वाचलं," ते म्हणाले, आणि कागदावरची नव्या आवाजाची ओळ त्यांनी स्वतःच नखाने दाबली. नंतर नाही. आधी.

आवाज उतरला.

आता पाया. यादीबाईंनी दुसऱ्या चौकटीत एक छोटासा प्रोग्रॅम आधीच चालू करून ठेवला होता. तो कोणत्याही लायब्ररीवर उभा नव्हता, स्वतःच्या पायांवर होता. सगळे कोसळले तर तेवढाच उरणार होता फायली जागेवर ठेवायला. त्यांनी हुकूम लिहिला. एकदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला. फोनमधला इंजिनियर हळूच म्हणाला, "बरोबर आहे."

संगणकाने विचारले, चालेल का?

आणि यादीबाईंचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव: वन्सं.

तो वाजत राहिला. टेबलावर थरथरत कडेला सरकला. काका म्हणाले, "घरून असेल." पडद्यावरची प्रत्येक ओळ यादीबाई बोट लावून वाचत होत्या, पहिलीत शिकताना वाचावे तशा. वन्संचा फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. ओळी संपल्या. मग, फक्त मग, त्यांनी 'हो' दाबले.

एक ओळ आली. दुसरी आली.

काही नाही.

काही नाही.

मग चौकट जिथे होती तिथेच परतली आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहत लुकलुकू लागली. यादीबाईंनी विचारले, आज तारीख काय?

त्याने सांगितली. बरोबर सांगितली.


०

सुतारपक्षी जागा झाला तेव्हा टेबलावरच्या सगळ्या टाचण्या उभ्या राहून नाचल्या. ठकठकठकठक. फोनमधून इंजिनियर ओरडला, "चालला? चालला का? हा त्याचाच आवाज ना?" साहेब पळत आले, यादीबाईंशी हात मिळवावा की नाही हे न सुचून त्यांनी कपाटाशी मिळवला आणि केंद्राला कळवायला निघाले.

पाटीचा मजकूर छापून पान बाहेर आले. काकांनी ते घेतले. बोटे डावीकडून उजवीकडे गेली, आणि थांबली.

"साहेब, फोन नका करू."

"का?"

"ऐका. 'आपला कप सकलाला.'"

"काय लाला?"

"पाटीवर 'धुवावा' आहे. इथे 'सकलाला' आलंय. सहावा ठिपका पडत नाहीये. एकाही अक्षरात नाही."

ब्रेलचे प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या घरात मांडलेले असते. एक ठिपका गेला की 'ध'चा 'स' होतो, 'व'चा 'ल'. चहाच्या पाटीत हसू येते. गणितात चिन्हेच बदलतात.

यादीबाईंनी यादी पाहिली. शून्य. सगळे जुने, सगळे स्थिर, मागच्या सोमवारी होते तसे. तसेच ना? घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटे.

"बाई," काका म्हणाले. त्यांचे बोट अजून त्या रिकाम्या जागेवर होते. "हे पूर्वी एकदा झालंय. मीच धरलं होतं. तीन वर्षांपूर्वी. मी म्हटलं होतं, सहावा उपाशी आहे. आणि तू काहीतरी केलंस."

यादीबाई कपाटाकडे गेल्या नाहीत, धावल्या.


उणे १

सहावी फाइल. पाने उलटताना कागदाने बोट कापले, ते त्यांना संध्याकाळी कळले. एक सोमवार, दुसरा, तिसरा. आणि एका ओळीसमोर पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात:

सहावा ठिपका. ही लायब्ररी स्थिर आवृत्तीपेक्षाही जुनी ठेवली आहे. हलवायची नाही.

नवी लायब्ररी आठ ठिपक्यांच्या यंत्रांसाठी होती. बिचाऱ्या सहा ठिपक्यांच्या सुतारपक्ष्याचा शेवटचा ठिपका तिच्यात हरवे. तीन वर्षांपूर्वी यादीबाईंनी तिला मागे नेऊन खुंटीला बांधून ठेवले होते. सोमवारच्या त्या एका 'हो'मध्ये खुंटीही उपटली गेली होती, आणि आज संगणकाने तिला स्थिर आवृत्तीपर्यंत आणून सोडले होते, त्याच्या हिशेबाने घरी. तिचे घर त्याच्याही एक पायरी खाली होते. मागच्या सोमवारच्या यादीतही तिचा जुना क्रमांक होता. फक्त, शून्य आल्याच्या आनंदात शेवटची ताडणी करायची राहिली होती.

त्या पानाच्या मागे एक पाकीट चिकटवलेले होते. पाकिटात एक सीडी. सीडीवर एकच फाइल.

"हे तुम्ही ठेवलंत?" साहेब म्हणाले. "तीन वर्षं?"

"मग काय टाकू?"

उतरवली. खुंटीला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. पाटी छापली. काकांनी पान घेतले. खोलीत तीन माणसे आणि फोनमधला एक असे चौघेही श्वास धरून.

"'चहा पिऊन झाल्यावर,'" काकांचे बोट चालले, "'आपला कप...'"

बोट थांबले. मुद्दाम थांबले, म्हाताऱ्याला तेवढी मजा घेऊ द्यायलाच हवी होती.

"काका!"

"'...धुवावा.'"


अकरा

ही मोजणी वरच्या दिशेने होती. एक प्रत, चौदा पाने. दोन. तीन. प्रत्येक पान काकांच्या बोटांखालून. सुतारपक्षी असा चालला होता की खालच्या मजल्यावरच्या माणसाने वर येऊन विचारले, भिंत पाडताय का? साहेबांनी स्वतः उभे राहून पाने जुळवली, दोरा ओवला, गाठी मारल्या. अकरावी गाठ बसली तेव्हा चारला सहा मिनिटे कमी होती. गाडीवाला गठ्ठा उचलून म्हणाला, "जड आहे हो."

"असणारच," यादीबाई म्हणाल्या.

फोनवर इंजिनियर अजून होता. "बाई, मी पुस्तकात वाचलं होतं, होत नाही म्हणून. कसं केलंत?"

"पुस्तक लिहिणाऱ्याने सोमवारी यादी छापली नसेल," काका परस्पर म्हणाले.

मग यादीबाईंनी घरी फोन लावला.

"वहिनी, किती वेळा फोन केला! का नाही उचललास?"

"कामात होते, वन्सं. काय झालं? मशीन पुन्हा चालायला लागलं?"

"कसं चालेल? मी त्याच्यावर बसून आहे."


सोमवार

पुढच्या सोमवारी यादीबाईंनी यादी छापली. नेहमीची कागदावर, आणि दुसरी, पहिल्यांदाच, सुतारपक्ष्यावर. तास-सव्वा तास टाचण्या नाचल्या. वहीत त्यांनी लिहिले: चूक माझी. कंसात काही ठेवायचे नाही.

साहेबांनी दहाव्या फाइलसाठी कपाटात जागा करून दिली होती, न सांगता.

काकांच्या टेबलावर हेडफोन गुंडाळून बाजूला ठेवलेला होता. त्यांनी ठिपक्यांच्या यादीचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पहिल्या ओळीपासून तपासायला घेतला, कोणी सांगितले नसताना. पान उलटे, बोटे चालत. यादीबाई आपल्या जागेवरून बघत होत्या.

एका ओळीवर बोट थांबले. ओळ आवाजाची होती, हे त्यांना इतक्या दुरूनही समजले. काकांनी आवृत्तीचा क्रमांक एकदा वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बोट पुढच्या ओळीवर गेले.